वाऱ्यापुढे लहान होण्याची विद्या

शर्यतीच्या आदल्या दुपारी मिरामारच्या किनाऱ्यालगत सायकलींच्या रांगा लागतात. आडव्या लोखंडी दांड्यांवर सॅडलच्या टोकाने टांगलेल्या सायकली, खाली प्रत्येकाचा क्रमांक, बाजूला समुद्र. ऑक्टोबर २०१९मध्ये गोव्यात पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ झाली. तेव्हापासून १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१.१ किलोमीटर पळायचं, या वेडासाठी पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-नाशिकहून डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, पोलीस इथे येतात. या रांगांमधून चालत जाणं हा माझा आवडता उद्योग आहे. बऱ्याच सायकली साध्या रोड बाईक असतात. मधूनच एखादी वेगळी दिसते. नळ्या सुरीच्या पात्यासारख्या चपट्या, मागचं चाक थाळीसारखं भरीव, आणि हँडलच्या मधोमध पुढे झेपावलेल्या दोन दांड्या. ही टाइम ट्रायल बाईक. सायकलवाल्यांच्या बोलीत टीटी.

अशाच एका टीटीपाशी दोघांचं बोलणं कानावर पडलं. एकाने विचारलं, "ही घेतली तर स्पीड किती वाढेल?" मालक म्हणाला, "दोन-तीनचा फरक पडतो." पहिला जरा घुटमळला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या स्पीडलासुद्धा? मी अठ्ठावीसने जातो हो."

त्याच्या त्या 'सुद्धा'मध्ये एक संकोच होता. वाऱ्याचा विचार करणं हा फक्त वेगवान लोकांचा हक्क आहे, आपण साध्या माणसांनी त्यात पडू नये, असा. तो संकोच दूर व्हावा म्हणून हा लेख.

हवेचा हिशोब

सपाट रस्त्यावर सायकल चालवताना आपण दोन गोष्टींशी झगडत असतो. एक, टायर आणि रस्ता यांचं घर्षण. दुसरी, हवा. ताशी पंधरा किलोमीटरला दोन्हींचा वाटा जवळपास सारखा असतो. अठ्ठावीसला पोहोचलो की पायातली तीन चतुर्थांश ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. तेहेतीसला हा वाटा ऐंशी टक्क्यांवर जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या पटीत. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर हवेसाठी तेहेतीस टक्के जास्त शक्ती मोजावी लागते. वर्षभर घाम गाळून दहा टक्के ताकद कमावलेल्या माणसाच्या हाती तीन-चार टक्केच वेग का पडतो, त्याचं उत्तर या घनात आहे.

हवेपुढे आपण किती मोठे आहोत, याचं एक माप असतं. समोरून दिसणारं क्षेत्रफळ आणि आकाराचा अडथळा यांचा गुणाकार. रोड बाईकवर ब्रेकच्या हुडांवर हात ठेवून आरामात बसलेल्या माणसाचं हे माप साधारण ०.३६ चौरस मीटर धरू. खाली वळलेल्या ड्रॉप्समध्ये हात घालून वाकलं तर ०.३२. त्याच रोड बाईकला पुढे एअरोबार, म्हणजे टीटीवर असतात तशा पुढे झेपावलेल्या दांड्या, लावून कोपरं त्यावर टेकवली तर ०.३०. आणि नीट बसवून घेतलेल्या टीटीवर, निमुळतं हेल्मेट आणि अंगाला चिकटलेले कपडे घालून ०.२७. माणसागणिक हे आकडे बदलतील, पण हौशी सायकलस्वाराच्या बाबतीत अंदाज म्हणून धरायला ते ठीक आहेत.

आता कागद-पेन्सिल घेऊ. सायकल धरून ८५ किलो वजन, सपाट रस्ता, वारा पडलेला, आणि पायांत २०० वॅट. हुडांवर बसून हा माणूस ताशी ३३.२ किलोमीटरने जाईल आणि ४० किलोमीटर ७२ मिनिटांत संपवेल. ड्रॉप्समध्ये त्याला साधारण साडेएकोणसत्तर मिनिटं लागतील. एअरोबार लावले की सव्वाअडुसष्ट. टीटीवर ताशी ३६.३ च्या वेगाने ६६ मिनिटं. पाय तेच, फुप्फुसं तीच आणि सहा मिनिटांचा फरक. त्या मालकाने सांगितलेले 'दोन-तीन' अगदी खरे होते.

पण या सहा मिनिटांची फोड केली की खरी गोष्ट उलगडते. त्यातली चार मिनिटं एअरोबार लावलेल्या जुन्या सायकलवरच मिळतात. भरीव चाक, चपट्या नळ्या, हेल्मेट, कपडे आणि आणखी नेमकी बैठक हे सगळं मिळून उरलेली दोन. कारण साधं आहे. हवेला जो अडथळा होतो, त्यात सायकलचा वाटा थोडा आणि माणसाचा फार मोठा. खांदे, डोकं, छाती, मांड्या हेच वाऱ्याला थोपवून धरणारं धरण.

हा शोध स्कीवाल्याचा

हात पुढे घेऊन कोपरांवर रेलायची ही बैठक सायकलच्या कारखान्यात जन्मलेली नाही. बून लेनन हा अमेरिकेतला स्कीचा प्रशिक्षक. बर्फाच्या उतारावरून येणारा स्कीपटू मुठी हनुवटीखाली आणून अंडाकृती होतो, ते त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तीच मुद्रा सायकलवर आणायची म्हणून त्याने हँडलला पुढे वळवलेली नळी जोडली. १९८७मध्ये डेव्ह स्कॉटने ही दांडी लावून हवाईची आयर्नमॅन जिंकली.

त्याच्याही आधी, १९८६मध्ये, पीट पेन्सेअर्सने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत कोपरं टेकवायची सोय केलेल्या सायकलवर जिंकली होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ही शर्यत, मधल्या झोपा-विश्रांतीसह घड्याळ चालूच. पेन्सेअर्सचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर होता, आणि सरासरी वेगाचा त्याचा तो विक्रम २०१३पर्यंत टिकला. मिरामारच्या त्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवावा. एअरोबारचा पहिला मोठा पराक्रम ताशी पन्नासने धावणाऱ्या व्यावसायिकाच्या हातून घडला नाही. तो नोकरी करणाऱ्या एका इंजिनीअरने पंचविसाच्या सरासरीने घडवला. पुढे याच शर्यतीत २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने आणि २०१७मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने अंतिम रेषा गाठली.

मग आला २३ जुलै १९८९. टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल. फ्रान्सचा लोराँ फिन्यों अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडपेक्षा ५० सेकंदांनी पुढे होता. एवढ्या कमी अंतरात पन्नास सेकंद भरून निघणं अशक्य, असंच बहुतेकांनी धरलं होतं. लेमाँडच्या सायकलला एअरोबार होते आणि डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट. फिन्योंचं डोकं उघडं, मागे बांधलेली वेणी वाऱ्यावर उडत होती आणि हात नेहमीच्या शिंगांसारख्या हँडलवर. लेमाँडने सरासरी ताशी साडेचोपन्न किलोमीटरचा वेग राखला आणि फिन्योंला ५८ सेकंदांनी मागे टाकलं. तीन आठवडे, तीन हजारांहून अधिक किलोमीटर, आणि निकाल आठ सेकंदांचा. फिन्योंला त्या दिवशी बैठकीच्या जागी जखम होती, लेमाँडने विलक्षण सायकल चालवली, हे सगळं खरं. तरीही त्यानंतर टाइम ट्रायलमध्ये एअरोबारविना उतरायचं फारसं कोणाच्या मनात आलं नाही.

एकाच माणसाचे दोन तास

सायकल किती वेग देते याचा शुद्ध पुरावा मिळणं कठीण, कारण दरवेळी माणूस बदलतो. पण इतिहासाने एक प्रयोग जवळजवळ प्रयोगशाळेसारखा करून ठेवला आहे, तो 'अवर रेकॉर्ड'च्या रूपात. एका तासात ट्रॅकवर किती अंतर कापता, एवढाच प्रश्न.

१९७२मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, साध्या गोल नळ्यांच्या सायकलवर, ४९.४३१ किलोमीटर केले. १९८४मध्ये फ्रान्चेस्को मोझरने त्याच शहरात भरीव चाकं लावून ५१.१५१ गाठले. मग १९९३च्या जुलैत स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री आला. तो हौशी, हाताशी पैसा नसलेला. सायकल त्याने स्वतः बनवलेली, तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग बसवलेले. त्याची खरी करामत बैठकीत होती. हात छातीखाली दुमडून घ्यायचे, जणू अंगाखाली हात आहेतच की नाहीत असं वाटावं. नॉर्वेतल्या हामार इथे तिच्या नव्या प्रतिकृतीवर तो आदल्या दिवशी अपयशी ठरला. दुसऱ्या सकाळी स्वतःची जुनी सायकल काढली आणि ५१.५९६ किलोमीटर करून दाखवले. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढच्याच वर्षी ओब्रीची बैठक बाद केली. त्याने मग हात सरळ पुढे ताणलेली 'सुपरमॅन' बैठक शोधली, आणि तीच घेऊन बोर्डमनने १९९६मध्ये मँचेस्टरला तासात ५६.३७५ किलोमीटर कापले.

ही बैठकही बाद झाली. २०००मध्ये नियम आला की तासाचा विक्रम मर्क्सच्या काळातल्यासारख्या सायकलवरच करायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच मँचेस्टरच्या ट्रॅकवर, तोच बोर्डमन खाली वाकलेल्या हँडलच्या साध्या सायकलवर बसला. तासाभरात ४९.४४१ किलोमीटर झाले. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त.

एक माणूस, एक ट्रॅक, एक तास आणि जवळपास सात किलोमीटरची तफावत. मधल्या चार वर्षांत बोर्डमनचं वय वाढलं होतं, हाडांचा आजार जडला होता, निवृत्ती दारात होती. त्यामुळे सगळी तफावत सायकलच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण तिचा मोठा भाग त्या बैठकीचा आहे, याबद्दल शंका उरत नाही. ओब्रीसारख्या साधनं नसलेल्या माणसाने जगाला शिकवलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वेग त्याने बाजारातून आणला नाही. स्वतःच्या शरीराची घडी कशी घालायची, हे शोधून तो कमावला.

जुन्या धाटणीच्या सायकलचा तो नियम पुढे मागे घेतला गेला, आणि ही परंपरा अजून चालू आहे. ऑगस्ट २०२२मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रेन्खेन इथे ५५.५४८ किलोमीटर करून विक्रम मोडणारा डॅन बिगम हा एका व्यावसायिक संघात इंजिनीअर म्हणून नोकरी करत होता. हवेचा अभ्यास हेच त्याचं काम. दोनच महिन्यांत त्याच ट्रॅकवर फिलिपो गान्नाने ५६.७९२ केले, आणि त्या तयारीतही बिगमचा हात होता. महिलांमध्ये ५० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली ती २०२३मध्ये इटलीच्या व्हित्तोरिया बुस्सीने. तिने ऑक्सफर्डमधून गणितात डॉक्टरेट मिळवली आहे.

पहाटेचे काळे कपडेवाले

हौशी माणसांचं टाइम ट्रायलचं खरं घर म्हणजे इंग्लंड. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सायकल संघटनेने पोलिसांच्या भीतीने रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या. त्यावर फ्रेडरिक बिडलेक यांनी मार्ग काढला. सगळ्यांनी एकत्र धावायचंच नाही. एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचं, घड्याळ लावायचं. ऑक्टोबर १८९५मध्ये नॉर्थ रोड क्लबने अशी पन्नास मैलांची पहिली शर्यत घेतली. भल्या पहाटे, नखशिखान्त काळे कपडे घालून, शर्यत चालली आहे असं कोणालाही वाटू नये अशा बेताने हे लोक रस्त्यावर यायचे. मार्गांना गावांची नावं न देता सांकेतिक खुणा दिल्या जायच्या, आणि त्या पद्धतीच्या खुणा आजही वापरात आहेत.

दहा मैल, पंचवीस मैल, पन्नास मैल. आठवडाभर नोकरी करायची आणि सुट्टीच्या सकाळी स्वतःच्याच गेल्या वेळेशी लढायचं. १९७८मध्ये पेशाने बेकर असलेल्या आल्फ एंगर्सने पंचवीस मैल ४९ मिनिटं २४ सेकंदांत पार केले. पन्नास मिनिटांच्या आत येणारा तो पहिला. त्या काळी वजन कमी करायला सायकलच्या सुट्या भागांना भोकं पाडायची चाल होती आणि एंगर्स त्यात वस्ताद. आज आपण हिशोब मांडला तर कळतं की सपाट रस्त्यावर एक किलो वजन घटवून आपल्या २०० वॅटवाल्याचा जेमतेम अर्धा वॅट वाचतो. कोपरं आत घेऊन, डोकं खांद्यांमध्ये बसवून वाचतात ते दहा-वीस वॅट. एंगर्सही अतिशय खाली वाकून सायकल चालवायचा. भोकांनी त्याला जेवढं दिलं, त्याच्या कितीतरी पट त्या वाकण्याने दिलं असणार.

आपल्या रस्त्यावर

हिशोब कागदावर सुंदर दिसतो. तो घेऊन सासवड-जेजुरी रस्त्यावर उतरलं की वारा, खड्डा आणि मान, तिघंही आपापलं बोलू लागतात.

मी पहिल्यांदा एअरोबारवर कोपरं टेकवली, तेव्हा दहाव्या मिनिटाला मान भरून आली. विसाव्या मिनिटाला मांड्यांतली ताकद ओसरल्यासारखी वाटली. हे बहुतेकांचं होतं. कंबरेतून इतकं वाकलं की पोट आणि मांडी एकमेकांच्या वाटेत येतात, श्वास तोकडा पडतो. सुरुवातीला पाच-दहा टक्के ताकद सहज घटते. तरी समजा २०० च्या जागी १८०च वॅट निघाले, तरीही टीटीवर ४० किलोमीटरला ६९ मिनिटं लागतात. हुडांवरच्या पूर्ण ताकदीपेक्षा तीन मिनिटं कमीच. म्हणजे ताकद थोडी गेली तरी सौदा फायद्याचा राहतो. तोट्याचा केव्हा होतो? तर मान दुखते म्हणून निम्मा वेळ उठून बसलो तेव्हा. उठून बसलेल्या माणसाखाली लाखांची सायकल असली काय आणि पन्नास हजारांची असली काय, हवेला तो सारखाच मोठा दिसतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. टीटीवर गिअर बोटांच्या टोकाशी असतात, ब्रेक मात्र बाहेरच्या हँडलवर. कोपरं उचलून तिथे हात जाईपर्यंत सायकल काही मीटर पुढे गेलेली असते. एकदा पहाटेच्या अंधुक उजेडात, रंग उडालेला गतिरोधक मला दिसला तो चाक त्यावर चढताना. सायकल हवेत उडाली, पाण्याची बाटली रस्त्यावर गेली, मी कसाबसा सावरलो. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. गाव आलं, जनावरं दिसली, उसाच्या ट्रॉलीमागे लागलो, कोणाच्या सोबतीने निघालो, की कोपरं वर आणि हात ब्रेकवर. ताफ्यात तर एअरोबारला हात लावायचा नाही. तिथे त्याची गरजही नसते. पुढच्याच्या मागे नीट लागलं की हवेचा भार चौथ्या हिश्श्याहून अधिक हलका होतो. तेवढं कोणतीही टीटी देत नाही. आयर्नमॅनसारख्या शर्यतीत मात्र असं मागे लागायला बंदी असते. तिथे वाऱ्याशी गाठ एकट्याचीच, आणि टीटीची खरी जागा तीच.

घाटात तर हा सगळा खर्च निरुपयोगी. सहा टक्क्यांच्या चढावर आपला २०० वॅटवाला ताशी बाराच्या वेगाने चढतो. त्याच्या ताकदीतला जेमतेम चार टक्के वाटा हवेकडे जातो, बाकी सगळा चढाकडे आणि टायरच्या घर्षणाकडे. शिवाय टीटी बहुधा रोड बाईकपेक्षा जडच असते. किनाऱ्यालगत आडवा वारा सुटला की उंच कड्यांची चाकं शिडासारखी ओढली जातात. हलक्या अंगाच्या माणसाने अशा दिवशी पुढे साधं चाक लावावं, यात कमीपणा काही नाही.

आपल्याला नेमका किती फायदा होतो, हे स्वतः तपासताही येतं. वर्दळ नसलेला चार-पाच किलोमीटरचा सपाट पट्टा शोधावा. पॉवर मीटर असेल तर एकच वॅट धरून, नसेल तर हृदयाचे ठोके सांभाळून, तो जाऊन-येऊन पार करावा. आधी हुडांवर, मग ड्रॉप्समध्ये, मग कोपरांवर. जाताना समोरून असलेला वारा येताना पाठीशी येतो आणि त्याची बरीचशी भरपाई होते. तीन-चार सकाळी हे केलं की स्वतःचे आकडे हातात येतात. कोणाच्या जाहिरातीवर विसंबावं लागत नाही.

'माझ्या स्पीडलासुद्धा?'

आता त्या माणसाकडे वळतो. त्या दुपारी मी काही बोललो नाही, याची रुखरुख अजून आहे. त्याचा हिशोब घरी येऊन मांडला, तो असा.

अठ्ठावीसने जाणाऱ्याच्या पायांत साधारण १३० वॅट असतात. हुडांवर बसून ९० किलोमीटरला त्याला तीन तास साडेबारा मिनिटं लागतील. नीट बसवलेल्या टीटीवर त्याचा वेग साडेतीसवर जाईल आणि दोन तास सत्तावन्न मिनिटं लागतील. म्हणजे साडेपंधरा मिनिटांची बचत. हाच हिशोब २०० वॅटवाल्याचा केला तर त्याची बचत भरते चौदा मिनिटांच्या आसपास. ताशी किलोमीटर मोजले तर वेगवान माणसाला जास्त मिळतात, पण मिनिटं मोजली तर हळू जाणाऱ्याला. कारण तो रस्त्यावर जास्त वेळ असतो, आणि वारा त्याला तेवढा जास्त वेळ अडवत असतो.

आणि या साडेपंधरापैकी दहा मिनिटं त्याला आहे त्या सायकलवर, काही हजार रुपयांचे एअरोबार लावून मिळतील. अट एकच. आठवड्यातून तीन दिवस कोपरांवर बसायचा सराव करायचा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. बैठक जाणकाराकडून बसवून घ्यायची. कोपरांची उंची आधी वर ठेवायची आणि मान, पाठ तयार होईल तशी एकेक सेंटीमीटर खाली आणायची. वर्षाने ९० किलोमीटर तसं बसता आलं, तर उरलेल्या साडेपाच मिनिटांसाठी टीटी घ्यायची की नाही, ते त्याच्या खिशाने आणि हौसेने ठरवावं. हौस म्हणून घेतली तरी आनंदच आहे. ती सायकल फार देखणी असते.

लहानपणी ऐकलेली मारुतीची गोष्ट मला एअरोबारवर कोपरं टेकवताना आठवते. समुद्र ओलांडताना सुरसा आडवी येते, जबडा मोठा मोठा करत जाते. मारुतीही आधी वाढत जातो. मग वाढणं सोडून अंगठ्याएवढा होतो, आत जाऊन बाहेर येतो आणि पुढची वाट धरतो. प्रत्यक्ष वाऱ्याचा मुलगा तो. अडवणाऱ्यापुढे केव्हा लहान व्हायचं, हे त्याला ठाऊक होतं. मिरामारच्या त्या अनोळखी मित्राला मला एवढंच सांगायचं आहे. हो, तुमच्या स्पीडलासुद्धा. उद्या सकाळी निघाल तेव्हा कोपरं आत घ्या, मान खांद्यांत बसवा, आणि कानाशी घोंघावणारा वारा किंचित शांत होतो का, ते ऐका.